जपानी की चिनी: गोऱ्यांना जास्त घाम कोण फोडतं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, अमेरिकन-युरोपियन लोकांना जपानी अवघड की चिनी?" त्याखाली कुणीतरी लगेच तो तक्ता चिकटवतं. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा, जिथे त्यांचे राजनैतिक अधिकारी भाषा शिकतात. जपानीला २२०० तास, चिनीलाही २२००. "बघा, सेम!" अहो, सेम कसलं? याच तक्त्याच्या जुन्या आवृत्तीत जपानीपुढे चांदणी होती, म्हणजे गटातल्या बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच अवघड. ती चांदणी कुणी बघतच नाही!

चिनीचं दुखणं पहिल्याच तासाला कळतं. टोन, म्हणजे शब्दाचा सूर. 'माइ' खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. इंग्रजीवाल्यांचा सूर प्रश्न विचारताना आपोआप वर जातो, झाला घोटाळा. व्याकरणात मात्र क्रियापद काळानुसार बदलत नाही. चला पुढे.

जपानीत सुरुवातीला सगळे खूश. हिरागाना येते, काताकाना येते, दोन्ही उच्चारानुसार लिहायच्या लिप्या. मग कांजी. "चिनी अक्षरंच ना ती?" ही कॉमेंट वाचली की माझं डोकं फिरतं. अक्षरं तीच, पण वाचायची कशी?

'पर्वत'चं अक्षर घ्या. चिनीत शान. थाइ शान, ह्वांग शान, कुठेही शानच. जपानीत? फुजी पर्वताला फुजिसान, पण टोकियोतल्या एका भागाचं नाव आओयामा. अक्षर तेच! म्हणून तर कित्येक पाश्चात्य पुस्तकांत 'फुजियामा' छापलं गेलं.

पटलं नाही? रविवार घ्या, निचियोबी. तीन अक्षरं, त्यात पहिलं आणि तिसरं एकच. एकदा 'निचि', एकदा 'बी'. एकाच शब्दात! माझ्यासोबत ऑनलाइन सराव करणारा एक अमेरिकन मुलगा हे कळल्यावर कॅमेराच बंद करून बसला होता.

अजून एक. जपानमधल्या फॉर्मवर नावाच्या वर वेगळी ओळ असते, उच्चार हिरागाना किंवा काताकानामध्ये लिहायला. कारण तीच दोन अक्षरं 'युको' असतील किंवा 'हिरोको'. खुद्द जपानी माणसालाही विचारावं लागतं! चिनीतही दोन उच्चारांची अक्षरं आहेत, हो, माहितीये, टाइप करू नका. पण तिथे तो अपवाद, इथे रोजचं.

आणि "मग आपल्याला २२०० तास लागतील का?" विचारणाऱ्यांनो, तो आकडा इंग्रजीवाल्यांचा आहे. आपलं क्रियापद जपानीसारखंच शेवटी येतं, 'घरात'मधला 'त'सुद्धा नामानंतरच. वाक्यरचनेत तुम्ही आधीच पुढे आहात. कांजी मात्र आपल्यालाही सुटलेली नाही.