मार्चमध्ये भरणारं, ऑगस्टमध्ये आटणारं जंगल

आधी नुसता आवाज ऐका. क्वॅक क्वॅक क्वॅक. बदकं वाटतायत ना? पण इथे बदक एकही नाहीये. हे वुड फ्रॉग आहेत, मुठीत सहज मावतील एवढे बेडूक. मार्च महिना आहे, झाडांखाली कुठेकुठे बर्फ अजून तसाच आहे आणि यांची लगीनघाई सुरू झालीये.

आपण आहोत न्यू जर्सीतल्या ग्रेट स्वॅम्प या दलदलीच्या जंगलात. टाइम्स स्क्वेअर इथून जेमतेम चाळीसेक किलोमीटर, आणि एडिसनला राहणारी आपली मंडळी तर तासाभरात इथे पोचतील. समोर दिसतायत ते रेड मेपल, पिन ओक आणि स्वॅम्प व्हाइट ओक. आता जरा खोडांकडे नीट बघा, खाली साल काळपट आणि तिथून वर राखाडी, मध्ये एक आडवी रेघ, आणि शेजारच्या दहाही झाडांवर ती रेघ एकाच उंचीवर. दर वर्षी पाणी तिथपर्यंत चढतं.

हे पाणी मुरत का नाही, तर खाली चिकणमाती आहे. हिमयुगाच्या शेवटी बर्फाने इथल्या पाण्याची वाट अडवली आणि मोठ्ठं सरोवर तयार झालं, ग्लेशियल लेक पॅसेइक म्हणतात त्याला, ते सरोवर हजारो वर्षांपूर्वी रिकामं झालं पण त्याच्या तळाचा गाळ इथेच राहिला. त्यामुळे हिवाळ्यातला पाऊस आणि वितळलेला बर्फ वरच साचतो. झाडांना तेव्हा पानं नसतात, म्हणजे ते पाणी प्यायला कोणी नसतं. मग मे महिन्यात पालवी फुटते आणि एवढाली झाडं पाणी ओढायला लागली की पातळी उतरायला लागते, जुलै-ऑगस्टपर्यंत बरीचशी डबकी कोरडी. म्हणजे ऊन तर आहेच, पण हे जंगल आपलं तळं स्वतःसुद्धा पितं!

पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, तरी ही झाडं टिकतात, कारण पाणी असतं तेव्हा ती झोपलेली असतात. तेच पाणी उन्हाळाभर तुंबवून ठेवलं तर हा पिन ओक मरेल, आणि चर खणून काढून टाकलं तर भोवतालच्या कोरड्या जंगलातली झाडं हळूहळू आत येतील. या जंगलाला दोन्ही हवंय, भरणंही आणि आटणंही. मुळं मात्र उथळच राहतात, म्हणून वादळात झाडं मुळासकट उलथतात. हे असं. मुळांची ही भिंत बघा, माझ्यापेक्षा उंच आहे, आणि ती जिथून उपटली गेली तिथे खड्डा, त्यात पाणी, पाण्यात अंड्यांचा पुंजका. पडलेल्या झाडाने नवीन तळं करून दिलं.

मासे नाहीत यात. आटणाऱ्या तळ्यात मासा जगूच शकत नाही, आणि म्हणून तर बेडूक इथे अंडी घालायला येतात, एकेक मादी शेकड्यांनी घालते. पुढे मग शर्यत असते, टॅडपोलला, म्हणजे बेडकाच्या पिल्लाला, पाय फुटायला हवेत तळं आटायच्या आत. खायला काय, तर गेल्या वर्षीचा पाचोळा आणि त्यावर वाढलेलं शेवाळ. मेपलचं पान लवकर कुजतं, ओकचं जाड असतं, ते रेंगाळतं. आणि हा बेडूक हिवाळ्यात कुठे होता? पाचोळ्याखाली, गोठलेला. अक्षरशः. हृदय बंद, श्वास बंद, अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी बर्फ झालेलं, लिव्हरमधून सुटलेली साखर तेवढी पेशींना सांभाळून घेते. वसंतात वितळतो आणि उड्या मारत पाण्याकडे निघतो.

आता हे जवळून बघू. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. जेलीसारखा गोळा आहे ना, तो स्पॉटेड सॅलमँडरच्या, म्हणजे पालीसारखा दिसणाऱ्या पण बेडकासारख्या उभयचर प्राण्याच्या अंड्यांचा, आणि त्यात जी हिरवट झाक दिसतेय ते शेवाळ आहे, अंड्याच्या आत वाढणारं. ते पिल्लाला ऑक्सिजन देतं आणि पिल्लाच्या टाकाऊ पदार्थांवर स्वतः वाढतं.

अडचण अशी की ऑगस्टमध्ये इथे कोणी आलं तर त्याला दिसणार पाचोळ्याने भरलेला कोरडा खोलगट भाग. रिकामी जागा, बिनकामाची. 1959 मध्ये न्यू यॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीने इथे अख्खा विमानतळ बांधायचं ठरवलं होतं. आसपासच्या गावातल्या लोकांनी दहा लाख डॉलरच्या वर पैसे गोळा केले, जवळजवळ 3,000 एकर जमीन विकत घेतली आणि सरकारला देऊन टाकली, का तर अभयारण्य करा म्हणून. हेलन फेन्स्के या बाई त्या लढ्यात पुढे होत्या. 1960 मध्ये अभयारण्य झालं. मला हे फार मोठं वाटतं, कारण तेव्हा पाणथळ जागा म्हणजे डास आणि चिखल एवढंच बहुतेकांचं मत होतं.

आजचा धोका असा एका घोषणेत येत नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायम पाणी असलेल्या नदी-तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळ जागाच केंद्राच्या क्लीन वॉटर ॲक्ट या पाण्याच्या संरक्षणाच्या कायद्यात बसते. म्हणजे असं एकटं, जंगलात मध्येच असलेलं डबकं बाहेर. न्यू जर्सीचा स्वतःचा 1987 चा कायदा आहे म्हणून इथे आधार आहे, जिथे राज्याचा कायदा नाही तिथे काय? शिवाय हरणं इतकी वाढलीयत की ओकचं रोप गुडघ्याएवढं व्हायच्या आत खाल्लं जातं, आणि जमिनीवर जपानी स्टिल्टग्रास हे बाहेरून आलेलं गवत पसरतंय.

आणि नुसतं डबकं वाचवून भागत नाही हो. सॅलमँडर तळ्यात काही दिवसच असतो, बाकीचं वर्ष आजूबाजूच्या जंगलात, जमिनीखाली. मध्ये रस्ता आला की संपलं. ईस्ट ब्रन्सविकला बीकमन रोड आहे, तिथे वसंतातल्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री टाऊनशिप, म्हणजे तिथलं स्थानिक प्रशासन, रस्ता गाड्यांना बंद करते. पाऊस पडत असतो, अंधार असतो, टॉर्चच्या उजेडात वीतभर लांब, काळा, अंगावर पिवळे ठिपके असलेला प्राणी ओल्या डांबरावरून सावकाश पलीकडे जात असतो.

मार्चमध्ये संध्याकाळी पाऊस लागला आणि हवा फार गार नसली की टाऊनशिपची सूचना बघा. रस्ता बंद असेल तर गाडी लांब लावा, पोरांना रेनकोट घालून चालत न्या, आणि पाऊल टाकायच्या आधी टॉर्च खाली मारा.