टायरची चमक आणि टायरचे आयुष्य

मंडळी, दसरा जवळ आला की निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते आणि टायर काळेभोर चकचकीत झाल्याशिवाय खंडेनवमीची पूजा पुरी झाल्यासारखी वाटत नाही. या हौसेला माझी हरकत नाही. परंतु पॉलिशमुळे टायर जास्त टिकतो, ही समजूत आपल्या भागात घट्ट रुजली आहे आणि तिच्यापायी चांगले टायर लवकर खराब होतात, याचे मला वाईट वाटते.

रबर जुने होते ते ऊन, उष्णता, प्राणवायू आणि हवेतील ओझोन यांमुळे. उन्हातील अतिनील किरणे शोषून घेण्याचे काम रबरात मिसळलेले कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, करते आणि टायरचा काळा रंगही त्याचाच असतो. ओझोन मात्र ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावरील रेणूंच्या साखळ्या तोडतो, म्हणून ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ६पीपीडीसारखी ओझोनरोधक रसायने घालतात. टायर फिरताना दबतो, पुन्हा मोकळा होतो, तसतशी ती बाहेरच्या थरावर येत राहतात. टायरच्या बाजूवर जो तपकिरी थर दिसतो, तो सगळाच मळ नसतो. त्यात हे रक्षक द्रव्यही असते. तो थर आपण तारेच्या ब्रशने खरवडून काढतो आणि मग संरक्षण म्हणून वर बाटलीतले काहीतरी फासतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची पॉलिश मिळतात. एक पेट्रोलियम द्रावणातले, तेलकट आणि फार चमकणारे. दुसरे पाण्यातले, दुधासारखे दिसणारे, ज्यात बहुधा सिलिकॉन असते. पहिले टाळावे, कारण पेट्रोलियम रबरातले मेण आणि रसायने विरघळवते. डिझेल किंवा जळके ऑइल लावण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी, त्याने रबर फुगते आणि मऊ पडते. पेट्रोलियम, अल्कोहोल किंवा सिलिकॉन असलेल्या पॉलिशने टायरला भेगा पडू शकतात, असा इशारा टायर बनवणाऱ्यांनीही दिलेला आहे. म्हणून माझे मत असे की, एरवी साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. सणाला चमक हवीच असेल, तर पाण्यातले पॉलिश टायर पूर्ण वाळल्यावर फडक्याने पातळ लावावे आणि जास्तीचे लगेच पुसून घ्यावे. ओले राहिले तर चाक फिरताच त्याचे शिंतोडे रंगावर उडतात आणि खानापूरकडची तांबडी धूळ त्यावर लेपासारखी बसते.

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर पॉलिशचा थेंबही जाता कामा नये. दुचाकीस्वारांनी तर टायरला हे लावूच नये, कारण चोर्ला घाटातल्या वळणावर गाडी कलते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते.

उसाच्या ट्रॉल्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. हंगाम संपला की त्या महिनोन्महिने उन्हात, भार घेऊन, एकाच जागी उभ्या राहतात. टायर फिरत नाही, म्हणून आतले मेण वर येत नाही आणि दबलेल्या भागात भेगा पडतात. अशा ट्रॉलीला पॉलिशपेक्षा सावली हवी. ती रिकामी करून लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, निदान अधूनमधून पुढेमागे करावी. सुटे टायर मोटारीच्या खोलीत ठेवू नयेत, कारण विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांतून आणि वेल्डिंगमधून ओझोन तयार होतो.

पॉलिश मारण्यापूर्वी बाजूवरच्या भेगा नीट पाहा आणि तिथेच कोरलेल्या डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. तिथे २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. भेगेतून आतले धागे दिसू लागले असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी पॉलिशची बाटली बाजूला ठेवा आणि तो टायर बदलून घ्या.