हिमालय ‘उलटा’ आहे? हो, पण तुम्ही म्हणताय तसा नाही

नमस्कार मंडळी! सिक्कीमच्या हिमालयात भाजलेल्या खडकांचा क्रम उलटा दिसतो, हे सांगणाऱ्या माझ्या व्हिडिओखाली एकच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय: “दादा, म्हणजे डोंगर पालथा झाला का?” नाही हो!

बेसिक पटकन उरकतो. खडक जितका खोल जातो तितका तापतो, आणि किती तापला ते खनिजं सांगतात. क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. हा तापमानाचा चढता क्रम. अशा पट्ट्यांची सुरुवातीची मांडणी भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरोनं 1893 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत केली. म्हणजे सिलिमनाइट सगळ्यात खाली हवं, बरोबर?

उत्तर सिक्कीममध्ये मंगन गावाहून चुंगथांगकडे निघा. खडकांच्या रचनेत तुम्ही खालून वर सरकताय, आणि क्रम मात्र गार्नेट, कायनाइट, सिलिमनाइट. जास्त भाजलेलं वर! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहीच उलटी धरलीय का, ते तपासलं होतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला खालचा थर जुना, वरचा नवा, एवढंच ठाऊक. पण ते लाव्हाचे थर. हे खनिजांचे पट्टे म्हणजे थर नव्हेत, भाजल्याच्या खुणा आहेत. थर न उलटताही खुणा उलट्या पडू शकतात.

नाही पटत? तापलेला तवा गार फरशीवर ठेवा. फरशी वरून जास्त तापेल, खाली कमी. फरशी पालथी घातली का कुणी? मेन सेंट्रल थ्रस्टवर, म्हणजे हिमालयातल्या ज्या मोठ्या तिरक्या भेगेवरून वरचे खडक सरकले तिथं, असंच काहीसं झालं: खोलातला गरम खडक गार खडकांवर चढला. भूवैज्ञानिक पॅट्रिक ल फोर यांनी 1975 मध्ये मांडलेली कल्पना साधारण हीच.

अजूनही नाही? पत्त्यांचा कॅट घ्या, बाजूला तिरकी रेघ मारा; ही रेघ म्हणजे आपले खनिजांचे पट्टे. आता वरचे पत्ते पुढे ढकला. रेघ दुसऱ्या बाजूला कलली, तिच्या खालची बाजू वर आली. एकही पत्ता पालथा नाही! थ्रस्टजवळचे खडक कित्येक किलोमीटर जाडीत असेच घसरत गेलेत.

यातलं खरं कोणतं? बहुधा दोन्ही थोडंथोडं, आणि भांडणं अजून चालू आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. सिक्कीममध्ये वरच्या पट्ट्यातलं गार्नेट आधी वाढलं, खालचं नंतर. म्हणजे ही सगळी उतरंड एकाच क्षणाचं तापमान नाही. थंबनेलवर ‘पृथ्वी उलटली’ लिहिणाऱ्यांना कुणी तरी सांगा रे!

आणि “गार्नेट उचलून आणलं तर अंगठी होईल का” विचारणाऱ्या ताई, शिस्टमधलं, म्हणजे या पापुद्र्यांच्या खडकातलं, बहुतेक तडकलेलं असतं. सोनार हसेल.