दुनामिस : सामर्थ्य कोणाचं, आणि कशासाठी?

‘दुनामिस’ (सामर्थ्य) या ग्रीक शब्दावरचं प्रवचन तुम्ही ऐकलं असेल, तर त्यात डायनामाइट हमखास आलं असणार. ते आधीच बाजूला ठेवू. आल्फ्रेड नोबेलने त्या स्फोटकाचं पेटंट १८६७ साली घेतलं आणि नाव ग्रीकवरून बेतलं. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं ते पहिल्या शतकाच्या मध्याला. अठराशे वर्षांनी निघालेल्या वस्तूचा अर्थ त्याच्या वाक्यात शिरणार कुठून? शिवाय स्फोटक फोडतं, पाडतं. रोम १:१६ मध्ये सुवार्ता हे ‘तारणासाठी’ देवाचं सामर्थ्य आहे.

हा शब्द नव्या करारात सुमारे १२० वेळा येतो. ‘दुनामाइ’ या क्रियापदाचा अर्थ ‘शकणे’, म्हणून दुनामिस म्हणजे मुळात करू शकण्याची क्षमता. पण वापर तिथेच थांबत नाही. अनेकवचनात तो शब्द कृत्यांनाच लागतो. मार्क ६:२ मधली ‘महत्कृत्ये’ म्हणजे ‘दुनामेइस’. रोम ८:३८ मध्ये त्याच नावाच्या अदृश्य शक्ती आहेत. मार्क १४:६२ मध्ये तर मनुष्याचा पुत्र ‘दुनामिसच्या उजवीकडे’ बसलेला आहे. तिथे शब्द देवाच्या नावाच्या जागी आला आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तोच शब्द सैन्यासाठीही आहे. आपण स्तोत्रांत ‘सेनाधीश परमेश्वर’ वाचतो तिथे ग्रीकमध्ये ‘दुनामिसांचा प्रभू’ असं सापडतं. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र हा शब्द एकदाही नाही. योहान चमत्कारांना ‘चिन्हे’ म्हणतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘एक्सूसिया’शी, म्हणजे ‘अधिकार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी. तहसीलदाराच्या सहीला मनगटात बळ लागत नाही, पद लागतं. नांगर ओढणाऱ्या बैलाला पद नको, बळ हवं. पहिलं एक्सूसिया, दुसरं दुनामिस. मत्तय २८:१८ मध्ये येशूला दिलेला आहे तो अधिकार, म्हणजे एक्सूसिया. प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये शिष्यांना मिळणार आहे ते दुनामिस. लूक ९:१ मध्ये बारा जणांना दोन्ही एकदम मिळतात, आणि लूक तिथे शब्द उगाच दुप्पट करत नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात अनेक ठिकाणी दोन्हींसाठी एकच शब्द आहे. इंग्रजीवरून प्रवचन तयार करणारे फसतात ते इथे. मराठीत मत्तय २८:१८ आणि योहान १:१२ या दोन्ही ठिकाणी ‘अधिकार’ आहे, तेव्हा आपल्याला हा भेद जवळजवळ फुकट मिळतो.

शिमोन जादूगाराचा प्रसंग (प्रेषित ८) या नजरेने बघा. लोक त्याला देवाचं ‘महान दुनामिस’ म्हणतात. आणि हाच माणूस पैसे पुढे करून मागतो काय, तर एक्सूसिया: आपण हात ठेवू त्याला पवित्र आत्मा मिळावा, हा अधिकार. पुढे चर्चमधली पदं विकण्या-विकत घेण्याच्या पापाला त्याचंच नाव चिकटलं.

वचन अभ्यासताना माझा आग्रह एवढाच: ग्रीक शब्द कोणता ते आधी तपासा, मग वाक्यातच विचारा की सामर्थ्य कोणाचं, कोणाच्या ठायी, आणि कशासाठी. हा ‘कशासाठी’ बऱ्याचदा ‘एइस’ या छोट्या अव्ययाने दाखवलेला असतो, जसा रोम १:१६ मध्ये. तो सुटला की सामर्थ्य ही नुसती साठवण्याची वस्तू होऊन बसते.

मार्क ५:३० मध्ये नेमकं तसं वाटतं. रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेली स्त्री वस्त्राला शिवते आणि येशूमधून दुनामिस ‘निघून जातं’. अंगात भरलेलं काहीतरी सांडलं, असंच. पण चौतिसाव्या वचनात येशू बरं होण्याचं श्रेय तिच्या विश्वासाला देतो, वस्त्राला नाही. आणि पुढच्याच अध्यायात, ६:५ मध्ये, स्वतःच्या गावी त्याला एकही दुनामिस ‘करता आलं नाही’, थोड्या रोग्यांवर हात ठेवले तेवढंच. मत्तयाला हे वाक्य जड गेलं असावं. १३:५८ मध्ये तो ‘फार महत्कृत्ये केली नाहीत’ एवढंच लिहितो. मार्कचं कडक वाक्य मला जास्त उपयोगी वाटतं. ज्याच्यातून ते निघतं तोही तिथे अडतो, म्हणजे मार्कच्या लेखी दुनामिस नात्याबाहेर आपोआप चालत नाही.

चौथ्या शतकात याच शब्दावरून मोठा वाद झाला. १ करिंथ १:२४ मध्ये ख्रिस्त हा देवाचं दुनामिस आहे, पण ग्रीकमध्ये तिथे निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नाही. पुत्र नव्हता असा काळ होता, असं शिकवणाऱ्या एरियसच्या बाजूचा आस्तेरियस म्हणाला: बघा, पौलाने देवाचं ‘ते’ स्वतःचं सामर्थ्य म्हटलेलं नाही, देवाची अशी सामर्थ्यं पुष्कळ, त्यातलं एक ख्रिस्त. पुरावा म्हणून त्याने टोळ आणले. योएल २:२५ मध्ये देव टोळधाडीला ‘माझं मोठं दुनामिस’ म्हणतो. (मूळ हिब्रूत तिथे ‘सैन्य’ आहे, म्हणून टोळांना तो शब्द शोभतो.) एरियसचा विरोधक बिशप अथनासियस याचं उत्तर वेगळ्या बाजूने आलं: पुत्र पित्याचं स्वतःचं सामर्थ्य असेल, तर पुत्र नव्हता असा काळ मानणं म्हणजे देव कधीकाळी सामर्थ्याविना होता असं मानणं. निसाचा बिशप ग्रेगरी याने पुढे हाच धागा ताणला: पिता, पुत्र आणि आत्मा यांचं सामर्थ्य एकच, म्हणून त्यांचं स्वरूपही एकच. आस्तेरियसचा व्याकरणाचा मुद्दा मराठीत ऐकूच येत नाही, कारण आपल्याकडे असं उपपद नाही.

आता पौलाचं सगळ्यात अवघड वाक्य, २ करिंथ १२:९. प्रभू त्याला सांगतो: ‘माझं सामर्थ्य अशक्तपणात पूर्ण होतं.’ सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ‘माझं’ हा शब्द नाही. ‘सामर्थ्य अशक्तपणात पूर्ण होतं’ एवढंच आहे. कोणाचं ते संदर्भावरून कळतं, म्हणून भाषांतरात ‘माझं’ ठेवायला हरकत नाही. चूक होते ती ‘अशक्तपणात’ या शब्दाशी. बरेच उपदेशक तो ‘अशक्तपणा गेल्यावर’ असा वाचतात. ग्रीक ‘एन’ म्हणजे त्याच्या आत, आणि क्रियापद वर्तमानकाळी आहे. पौलाने देहातला काटा (स्वतःचा त्रास तो असा सांगतो) जावा म्हणून तीनदा विनवलं होतं, आणि काटा निघाल्याचं तो लिहीत नाही. पुढच्या अध्यायात, १३:४ मध्ये, ख्रिस्त अशक्तपणात वधस्तंभावर खिळला गेला आणि देवाच्या दुनामिसने जिवंत आहे, हे दोन्ही एकाच वाक्यात येतं. रोम १:१६ वर बोलायला उभं राहण्याआधी हे वचन वाचून घ्या.