शाळाच मुलांकडे निघाली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. शाळा सुधारायची म्हटले की बोलणे इमारत, अभ्यासक्रम आणि अनुदान यांच्याभोवती फिरते; शिक्षकाची तळमळ मात्र सत्कारसमारंभासाठी राखून ठेवलेली असते. शाल-श्रीफळ देऊन झाले की दुसऱ्याच दिवशी त्याच शिक्षकाच्या हाती माहिती भरण्याचे नवे तक्ते ठेवले जातात, ही विसंगती मला नेहमीच खटकत आली आहे. असो. एका माणसाच्या तळमळीने शिक्षणाची व्यवस्था बदलते का, हा आजचा विषय आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे नेणार आहे.

ताराबाई मोडक राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मानाचे ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ थोड्या दिवसांच्या मदतीसाठी म्हणून तेथे आल्या आणि 1992 मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण ज्या वस्तीतील मुलांना तिची सर्वाधिक गरज होती, ती मुले येईनात. हजेरीपटावर गैरहजेरी मांडून पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात मुले जमवायची, त्यांना नाहूमाखू घालायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते, म्हणून ती अंगणवाडी. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, खडे आणि पाने हीच साधने झाली. मोजणीही त्यांनीच, रंगाकारांची ओळखही त्यांनीच.

1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये आले, तेव्हा अडचण आणखी वेगळी निघाली. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे कडेवरचे मूल पाळणाघरात आणि ताई वर्गात. आणि गुराख्यांसाठी? गुरे चरतात तेथेच शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा! मला हा शब्द फार आवडतो, कारण शाळेची घंटा कोणाच्या सोयीने वाजावी, हा सारा वाद त्याने एका फटक्यात मिटवला आहे.

श्रोतेहो, पुन्हा सांगतो, कारण मुद्दा येथेच आहे: मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळेची जागा बदलली, वेळ बदलली, साधने बदलली. अधिक तास राबणारा शिक्षक आदरणीय खराच, पण तो थकला की ते काम थांबते. रीतच बदलणारा शिक्षक मागे रीत ठेवून जातो, आणि ती दुसऱ्याला शिकवता येते. म्हणून बालसेविकांचे, म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या शिक्षिकांचे, प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा अगदी प्रारंभापासूनचा भाग होता. ते नसते, तर अंगणवाडी दोन बायकांच्या कौतुकाची गोष्ट म्हणून उरली असती. अनुताईंनी तर स्वतःचे शिक्षणही थांबवले नाही. हे सारे चालू असताना 1961 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या पदवीधर झाल्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाईंचे 1973 मध्येच निधन झाले होते. अनुताई तेव्हाही कोसबाडलाच होत्या, आणि पुढची सतरा वर्षेही त्याच कामात राहिल्या.