सिलिंडरवरची तारीख

नमस्कार. पोरांनो, जरा मागं सरका आणि आईवडिलांना पुढं बसू द्या. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. मला विषय लिहून दिलाय, ‘रायफलीची खरेदी, परवाना आणि वॉरंटी’. पाऊण तासात तिन्हींवर बोलायचंय. पण आधी टेबलावरची ही वस्तू बघा.

हा हवेच्या रायफलीचा सिलिंडर, उसाच्या दोन पेरांएवढा. छर्रा ढकलणारी दाबाची हवा ह्यातच भरतात. नळीच्या खाली आटे फिरवून बसतो. इथं मानेजवळ बारीक आकडे कोरलेत, महिना आणि वर्ष. मागच्या रांगेतून दिसणार नाहीत, हातात घेतल्यावरही चष्म्याशिवाय दिसत नाहीत. रायफल घ्यायला गेल्यावर माणूस नळी बघतो, दस्ता बघतो, रंग बघतो, किंमत तर बघतोच. हे आकडे कुणी वाचत नाही.

मी काही नेमबाज नाही. शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये २२ वर्षं काढली. मुलगी रेंजवर जायला लागली, तिच्यामागं मीही जायला लागलो. मुलगी आता नोकरीला आहे, मी अजून रेंजवरच आहे. पोरांच्या रायफली उघडतो, साफ करतो, मापाला बसवतो. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं. तेव्हापासून माझ्याकडं येणारा प्रत्येक बाप पहिला प्रश्न एकच विचारतो, “कुठली रायफल घेऊ?” तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हाही हेच झालं होतं. प्रश्न चांगला आहे, पण तो दुसऱ्या वर्षी विचारायचा प्रश्न आहे. पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढायचं, हे माझं ठाम मत आहे. ते का, तेच सांगायला आलोय.

एक घोळ आधी मिटवू. माझ्या आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. रानडुकरं उसात शिरायची, त्यासाठी. तिची नळी आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळं छर्रा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो आणि वाट सोडत नाही. मी आयुष्यभर आटे पाडलेत. तरी साडेचार मिलिमीटरच्या भोकातले ते आटे पहिल्यांदा दिव्यासमोर धरून बघितले तेव्हा मला जेवण सुचलं नव्हतं. दहा मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. असे साठ छर्रे मारायचे, सव्वा तासात, उभं राहून.

आता सिलिंडरची गोष्ट. ही माझ्याच घरातली आहे.

मुलगी क्लबच्या रायफलीवर दोन वर्षं खेळली, गुण चढले, प्रशिक्षक म्हणाले आता स्वतःची घ्या. नवी जर्मन रायफल परवडण्यासारखी नव्हती. पुण्यातल्या एका मुलानं खेळ सोडला होता, त्याची विकाऊ होती. मी वर्कशॉपची सगळी हत्यारं घेऊन गेलो. नळीत दिवा टाकून बघितलं. दस्त्याचे स्क्रू बघितले. खटक्याचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मधली जागा, सगळं वजन लावून मोजलं. क्लॅम्प लावून एकाच भोकात पाच छर्रे घातले. मन भरलं. बायकोचं डोरलं तेवढं ठेवून बाकी सोनं बँकेत गेलं आणि रायफल घरी आली.

चार महिन्यांनी पहिली मोठी स्पर्धा. सामन्याआधी इक्विपमेंट कंट्रोल असतं, म्हणजे तुमची रायफल, जॅकेट, बूट सगळं पंचांच्या टेबलावर तपासून घ्यायचं. वजन साडेपाच किलोच्या आत हवं, ते होतं. खटका बघितला, साइट बघितली. मग टेबलावरच्या पंच बाईंनी सिलिंडर फिरवून काढला, खिडकीकडं धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या पंचाला दाखवला आणि बाजूला ठेवला. “मुदत संपलीय. ह्यावर खेळता येणार नाही.”

बहुतेक कंपन्या सिलिंडर बनल्यापासून दहा वर्षांची मुदत सांगतात. आमच्या सिलिंडरची दहा वर्षं उलटून तीन महिने झाले होते. मी रायफल घेतली तेव्हा त्याचं आयुष्य एक महिना उरलं होतं. नियमात स्वच्छ लिहिलंय की मुदतीची जबाबदारी खेळाडूची. त्या बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. पोरगी माझ्याकडं बघत उभी. सामन्याला चाळीस मिनिटं.

मी रेंजभर फिरलो. एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्या कंपनीच्या रायफलीला बसतोच असं नाही, आटे वेगळे असतात. मला ते माहीत होतं, तरी मी प्रत्येकाला विचारत सुटलो. शेवटी सांगलीकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच गटात, शेजारच्या लेनवर. त्यांनी पिशवीतला जादाचा सिलिंडर काढला, तारीख मला स्वतः वाचून दाखवली आणि म्हणाले, “पाव्हणं, घेऊन जावा. मॅच झाल्यावर बघू.” त्या दिवशी त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या मागं राहिली. त्यांनी सिलिंडर परत घेताना तिची पाठ थोपटली. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता मला विचाराल, तारखेचं एवढं काय? स्कूटरच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते. ह्यात दोनशे बार. टायरच्या शंभरपट दाब, आणि तो पोरीच्या गालापासून हातभर अंतरावर. प्रत्येक वेळी भरताना धातू अंशभर ताणतो, रिकामा झाला की आखडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसाच हा थकतो. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. म्हणून तारीख. आणि एक अगदी कळकळीनं सांगतो. गावात कॉम्प्रेसर मिळत नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घेऊ नका. दाबातला ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. स्वच्छ कोरडी हवा, बाकी काही नाही.

(इथे आयोजकांनी वेळेची चिठ्ठी दिली.) बरं. पण मापाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मागच्या दिवाळीत एक शिक्षक मुलीला घेऊन आले. १३ वर्षांची पोर, नवीकोरी रायफल, आणि गुण क्लबच्या जुन्या रायफलीपेक्षा कमी. वडील म्हणाले, रायफलीत दोष आहे. मी तिला उभं केलं. बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, पूर्ण आत घेतलेला, तरी तिच्या हातांना रायफल लांब. लांब म्हणून ती कमरेतून मागं झुकलेली, मागं झुकली म्हणून मान पुढं ताणलेली. डोळा डायॉप्टरपर्यंत, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या साइटपर्यंत, नेण्यासाठी ती पाठीचा सगळा कणा खर्च करत होती. मोठ्या माणसाच्या मापाची रायफल होती ती. पोर वाढेल तशी पुरेल, असं दुकानात सांगितलं होतं.

तीन तास बसलो. बटखालचा अर्धा इंची स्पेसर काढला, बटप्लेट खाली घेतली, चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा तुकडा, चार मिलिमीटर वर आणि किंचित आत. पुढचा हात धरतो तिथं रायफलीखाली अॅल्युमिनियमचा ठोकळा फाइलीनं घासून दिला, तेव्हा कुठं डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकला. मग डोळे मिटायला सांगितले. रायफल उचल, अंग सैल सोड, दोन श्वास घे, आता उघड. पहिल्यांदा उघडले तेव्हा साइट शेजारच्या लेनवर होती. पाय हळूहळू सरकवत गेलो. आठव्या वेळी डोळे उघडले आणि टार्गेट साइटच्या मधोमध उभं. पोरगी म्हणाली, “काका, कायच केलं नाही मी.” हेच हवं होतं. ज्याला कस्टमायझेशन म्हणतात ते एवढंच. शिंप्याकडं ब्लाउज बेतायला जाता तसं. वर्षभर क्लबच्या रायफलीवर उभं राहिलं की पोराचं अंग काय मागतंय ते कळतं, आणि मगच माप घेता येतं. वाढीच्या वयात दर सहा महिन्यांनी मापं वहीत लिहा. वजनपट्ट्या लावा, ग्रिप घासा, नियमाच्या मापात काहीही करा. दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. परवान्याचं हत्यार असेल तर नळी कापून आखूड करायची नाही आणि त्यावरचा नंबर घासायचा नाही. दोन्ही कायद्यानं गुन्हे आहेत, शस्त्र कायद्याचं कलम ६ आणि ८.

वॉरंटीचं पटकन सांगतो, कारण ह्यात मी स्वतः पोळलोय. मुलीची दुसरी रायफल नवी घेतली. सहाव्या महिन्यात रात्री दोनशेवर असलेला दाबाचा काटा सकाळी दीडशेवर. साबणाचं पाणी लावलं, रेग्युलेटरजवळ बुडबुडे. विकणाऱ्याकडं पाठवली. उत्तर आलं की स्क्रूवरचा लाल लाखेचा ठिपका फुटलाय, तुम्ही उघडलीय, वॉरंटी नाही. मी उघडली नव्हती. पण रायफल घरात आली त्या दिवसाचा एकही फोटो माझ्याकडं नव्हता, मग भांडणार कशावर? म्हणून पेटी उघडताना प्रत्येक सीलचा फोटो काढा. बिलावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर तिथल्या तिथं जुळवा. वॉरंटी देणारा कोण, परदेशातली कंपनी की इथला आयातदार, ते बिलावर लिहून घ्या. कारण रायफल दुरुस्तीसाठी जर्मनीला पाठवणं म्हणजे साडी बदलून आणणं नव्हे, जातानाही कागद आणि येतानाही कागद. सुटे सील कोण देणार ते विचारा. रबराचे सील झिजायचेच, ते वॉरंटीत धरत नाहीत.

आता परवाना. पाच मिनिटं आहेत.

पोराच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट १७७ बोअरपर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या भोकापर्यंत, आणि २० ज्यूल जोरापर्यंतच्या हवेच्या शस्त्राला सूट आहे. स्पर्धेची रायफल साधारण साडेसात ज्यूलची, अर्ध्याहून कमी. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. बिलाची प्रत कायम पेटीत ठेवा. नाक्यावर पोलिसांना हवेची कुठली आणि गोळीची कुठली हे पेटीवरून कळणार नाही, आणि विचारणं त्यांचं कामच आहे. विमानानं जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करून काढून ठेवा आणि आधी कळवा.

स्वप्नील खेळतो ती पन्नास मीटरची पॉइंट २२ बोअरची, गोळीची रायफल. तिला परवाना लागतो आणि वय २१ पूर्ण लागतं. त्याआधी पोरं क्लबच्या हत्यारावर देखरेखीखाली सराव करतात. अर्ज ऑनलाइन करायचा, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडं, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडं. सोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, क्लबचं सभासदत्व. मग पोलीस ठाण्यातून चौकशी होते. घाबरू नका. शेजाऱ्यांना विचारतात, घरात हत्यार ठेवायची जागा विचारतात. आधी कुलपाचं लोखंडी कपाट घ्या, मग अर्ज करा.

एक गोष्ट वहीत लिहून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ (३) आहे. आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण पटवून द्यावं लागतं. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदानं नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ मागितली, तर बाकी अडचण नसताना परवाना ‘द्यावा’ असंच त्यात म्हटलंय. खिडकीवर कुणी म्हणालं की सध्या परवाने बंद आहेत, तर नम्रपणे हे कलम दाखवा. नकार आला तर त्याची कारणं लेखी नोंदवायला लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. नामवंत नेमबाजांना जास्तीची सवलत आहे, ती त्या टप्प्यावर पोचल्यावर बघू. नूतनीकरण मुदतीच्या दोन महिने आधी टाका. काडतुसांचा हिशेब रोजच्या रोज लिहा.

आणखी अर्धा मिनिट द्या. पोरं ज्या मावळंकर स्पर्धेतून राष्ट्रीयला जातात, ते मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. १९५१ ला राष्ट्रीय रायफल संघटना निघाली तिचे पहिले अध्यक्ष तेच. संसद चालवणाऱ्या माणसानं नेमबाजीची संघटना उभी करायला वेळ काढला, हे पोरांना माहीत हवं.

झालं. प्रश्न बाहेर चहाच्या वेळी विचारा. ज्यांनी रायफलीच्या पेट्या आणल्यात त्यांनी रायफल पेटीतच राहू द्या, फक्त सिलिंडर काढून ह्या टेबलाशी रांगेत या. भिंग आणलंय. एकेकाची तारीख वाचतो आणि प्रत्येकाच्या वहीत लिहून देतो. त्या निळ्या जॅकेटवाल्या ताई, तुमचा पहिला द्या.