आश्विनातलं ताट: पडवळ, भोपळा आणि कोजागिरीचं दूध

(दृश्य: सकाळची महात्मा फुले मंडई. भाज्यांचे ढीग.)

पाऊस उघडला की पुण्यात आठ-पंधरा दिवसांत ऊन चटकायला लागतं. दुपारी पारा ३२ अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं. आयुर्वेदातल्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूनुसार खाण्या-वागण्याच्या नियमांत, हा शरद, पित्त उसळण्याचा काळ. म्हणून तिखट, आंबट, तळकट हात आखडून खायचं आणि मूग, तांदूळ, दूध, तूप ताटात आणायचं. मंडईतही पडवळ, दोडका, घोसाळी, दुधी, लाल भोपळा भरपूर दिसतो.

या भाज्या मिळमिळीत लागतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा शिजताना वरून ओतलेलं पाणी नडतं. पडवळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी मुळातच असतं!

(दृश्य: विळीवर पडवळ.)

कोवळ्या पडवळात नख सहज रुततं. पांढुरकी साल सुरीच्या पाठीने हलकेच खरवडायची, पडवळ मधोमध उभं चिरून आतला मऊ गर आणि बिया काढायच्या, मग पातळ चकत्या करायच्या. एक चकती कच्चीच जिभेला लावून बघा. पडवळ, दुधी, दोडका, काहीही कडू लागलं तर सगळं टाकून द्यायचं. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा. तो शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत, त्यामुळे इथे काटकसर नको.

अर्धा किलो पडवळाला पाव वाटी मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली. फार वेळ भिजली तर तिचा गाळ होतो. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या. डाळ दोन मिनिटं परतायची, मग पडवळ घालायचं. वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचं.

(दृश्य: ताटली उचलल्यावर तळाशी लोंबणारे थेंब.)

हे बघा. आतली वाफ गार ताटलीला लागते, तिचे थेंब होऊन भाजीवरच पडतात. भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, खाली लागत नाही. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं पुरतात. मीठ शेवटच्या टप्प्यात घाला. कच्च्या भाजीचा ढीग बघून मीठ टाकलं, की भाजी आळल्यावर खारट होते. डाळीचा दाणा अख्खा दिसावा, पण बोटांत चेपला जावा. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर.

(दृश्य: लाल भोपळ्याची फोड.)

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांग्याचं भरीत चंपाषष्ठीपर्यंत थांबतं. तोवर भोपळ्याचं भरीत. पाव किलो फोडी सालीसकट कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता वाफवायच्या. गर कुस्करून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम गरात दही घातलं तर ते फुटून भरीत पातळ होतं. अर्धी वाटी ताजं दही, मीठ, किंचित साखर, वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. ऋतुचर्येत शरदात दही टाळायला सांगितलंय. पित्ताचा त्रास असेल तर दह्याऐवजी नारळाचं घट्ट दूध घ्या. चव वेगळी लागते, पण भोपळ्याला शोभते.

(दृश्य: गच्चीवर पातेलं, वर चंद्र.)

आणि कोजागिरी. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण लिटरपर्यंत आटवायचं. बुडाला लागू नये म्हणून उलथनं तळापर्यंत फिरवत राहायचं. एकदा करपलं की तो वास कशानेच जात नाही. चार-पाच चमचे साखर दूध आटल्यावर. प्रत्येकी दहा-बारा बदाम-पिस्ते भरड कुटून, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, आणि जायफळ दोन-तीनदाच किसणीवर फिरवून. जायफळ जास्त झालं तर दूध कडवट लागतं.

चंद्र वर येईपर्यंत पातेलं तासन्‌तास कोमट राहिलं तर दूध नासू शकतं. चंद्राला दाखवण्यापुरती एक वाटी बाहेर ठेवा. बाकीचं दूध गॅसवर गरम राहू द्या आणि पेल्यांत ओतायच्या वेळीच गच्चीवर न्या.